पोस्टमास्तर पाटावरून उठतात

"नीलूच्या लग्नात पाटावरून मी एकटा उठणार! कुणाचं बोटसुद्धा लागू देणार नाही!"

तिसगावचे पोस्टमास्तर शामकांतराव गंधे एकाहत्तर सालच्या माघात हे बोलले तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. त्यांच्या सगळ्या प्रतिज्ञा खुर्चीतच व्हायच्या. खुर्चीतून उठेपर्यंत त्या विरूनही जायच्या, पण ही विरली नाही. त्याला कारण होतं आठ दिवसांपूर्वीचा नगरचा साखरपुडा.

तिथे पंगत आटोपली, सगळे हात धुवायला उठले आणि शामकांतराव पाटावरच राहिले! एक पाय झोपला होता, दुसरा ऐकत नव्हता. त्यांनी जमिनीला हात टेकून जोर केला तर गुडघ्यांचा असा काही आवाज झाला, की ताक वाढणाऱ्या बाई थबकल्या. शेवटी दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उचललं. त्यावर त्यांचे होणारे व्याही, नगरच्या कचेरीतले हेडक्लार्क राधाकृष्णपंत, चाळीस माणसांसमोर गरजले, "गंधे, लग्नात तुमच्यासाठी दोन हमाल सांगून ठेवू का?"

मंडळी खो-खो हसली. व्याह्यांचं हसू शामकांतरावांनी सोसलं असतं हो! पण नीलूने, त्यांच्या एकुलत्या एका पोरीने, शरमेने मान खाली घातली. ते त्यांच्या जिवाला लागलं.

उपाय काढला मेहुण्याने. मार्तंड नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि नगरच्या व्यायामशाळेत जायचा. पुढच्या रविवारी तो एसटीच्या टपावरून एक लोखंडी कांब घेऊन उतरला. कांबेच्या दोन्ही टोकांना वजन म्हणून भंगारातल्या पुल्या घट्ट बसवलेल्या.

"भाऊजी, हा बार मानेमागे, दोन्ही खांद्यांवर घ्यायचा. सावकाश खाली बसायचं, सावकाश उठायचं. पंधरा वेळा, रोज!"

"अरे, मला नुसतं उठता येत नाही, आणि तू वर ओझं देतोस?"

"म्हणूनच! मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यांचा भार त्या घेतात. दोन नियम पाळा. पायात चपला नकोत. आणि नजर समोर, उंचावर, एका जागी. खाली बघितलंत की पाठ वाकलीच म्हणून समजा."

मार्तंड गेला आणि शामकांतरावांना अडचणी दिसू लागल्या. सोमवारी पोट भरलेलं होतं. मंगळवारी रिकामं होतं. बुधवारी शिंक आली. गुरुवारी वाटलं, चार जाणत्या माणसांना विचारलेलं बरं. आता स्वतःचे गुडघे दुखतात असं सांगायची सोय नव्हती, कारण गावातून नगरला बातमी टपालाच्या आधी पोचते, हे पोस्टमास्तरांना ठाऊक नसेल तर कुणाला? म्हणून विचारताना त्यांनी 'नगरच्या एका मित्राला' हा व्यायाम करायला लावला.

"करू देऊ नका!" दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला. "वाटी सरकते."

"गुडघ्यातलं वंगाण आटतंय, मास्तर," शेजारच्या भागूबाई म्हणाल्या. "आन मूळव्याध हुती ती येगळीच."

म्हातारे भिमाजी पैलवान तर धोतर वर करून गुडघेच दाखवायला लागले. "ह्ये बघा! रोज पाचशे बैठका मारायचो. लागली वाट!" भिमाजी पंधरा वर्षांपूर्वी उसाच्या ट्रकवरून पडले होते, त्याआधी गुडघ्यांची काही तक्रार नव्हती. पण दोष सगळा बैठकांच्या माथी!

शामकांतरावांना फार बरं वाटलं. करू नका असं सांगणारी माणसं किती शहाणी असतात! पण घरी आले तर नीलू जात्यापाशी बसून हळदीचं दळण दळत होती. तिची खाली घातलेली मान बघितली आणि साखरपुडा पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते परसात बार घेऊन उभे राहिले.

पहिले आठ दिवस काय हाल झाले ते विचारू नका! जिने नसलेल्या गावात राहतो याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. पण माणूस चिवट. फाल्गुन लागला तसे ते रोज पंधरा वेळा खाली-वर होऊ लागले. पायात चपला नाहीत, नजर समोर उंचावर. आणि परसातून समोर उंच असं एकच दिसायचं, ते म्हणजे कानिफनाथांचा मढीचा गड.

आता परसाची भिंत कमरेएवढी. पलीकडे भागूबाईंचा गोठा. त्यांनी धार काढता काढता बघितलं. अनवाणी पाय, खांद्यावर आडवी कांब, दोन्ही टोकांना वजन, नजर गडावर आणि महिना फाल्गुन!

"मास्तर, ह्ये कशापायी वो?"

गुडघ्यांचं नाव काढायचं नव्हतं. शामकांतराव धापा टाकत खरं तेच बोलले, "नीलूच्या लग्नासाठी! तिचं नीट पार पडावं म्हणून!"

भागूबाईंनी तिथूनच हात जोडले. दुपारपर्यंत अख्ख्या तिसगावात झालं, पोस्टमास्तरांनी लेकीच्या लग्नासाठी नाथांना कावड बोललीय!

संध्याकाळी कावडवाल्या मंडळींचे पुढारी आप्पासाहेब, त्यांचा पुतण्या गोरक्ष आणि पोस्टातला शिपाई बन्सी असे तिघे हार घेऊन दारात. दरसाल पाडव्याच्या आधी ही मंडळी पैठणला जायची आणि गोदावरीचं पाणी कावडीने चालत मढीला आणायची.

"मास्तर, आमाला बोलला न्हाईत व्हय?" आप्पासाहेब म्हणाले. "नाव लावलंय तुमचं. फकस्त एक सांगतो, कावड एका खांद्यावर घ्यायची आसती. तुमी मानेवर घेताय."

"अहो, पण ती कावड नाही! तो—"

"सरावाची हाय, ठाव हाय आमाला. लई बेस!"

शामकांतरावांनी आशेने बायकोकडे बघितलं. शोभाबाई चहा घेऊन आल्या होत्या. ते मागोमाग आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, आता नाही म्हणालात आणि उद्या लग्नात काही आडवं आलं, तर गाव काय म्हणेल? बोललेली कावड फिरवली म्हणून!"

"मी बोललोच नव्हतो!"

"ते तुम्हाला माहीत आणि मला. नाथांना कशाला गोंधळात पाडता?"

गेले बिचारे! पैठणपर्यंत एसटी आणि तिथून दोन मुक्कामांची पायपीट. अनवाणी. खांदा सोलवटला, तळव्यांना फोड आले, उन्हाने टाळकं तापलं. कावड जमिनीला टेकवायची नाही, म्हणून विसाव्याला ती दुसऱ्याने खांद्यावर घ्यायची आणि यांनी झाडाखाली बसायचं. उठायची वेळ आली की एका बाजूने गोरक्ष, दुसऱ्या बाजूने बन्सी. "तुमी जोर लावू नका, साहेब!" म्हणत दोघे दंडाला धरून त्यांना उचलायचे. नको म्हणून सांगून पाहिलं. "पुन्याचं काम हाय, आमालाबी मिळू द्या," असं उत्तर मिळालं. पुढे पुढे तर शामकांतराव नुसते हलले तरी दोघे धावत यायचे.

घरी आल्यावर शामकांतराव दोन दिवस निजून होते. तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात पाट मांडला, मांडी घातली आणि उठले. एकटे! हात न टेकता! गुडघा चकार शब्द बोलला नाही. पुन्हा बसले, पुन्हा उठले. सात वेळा!

"शोभा! बघितलंस?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलं. तुमच्या नादात दूध उतू गेलं."

पण त्याही पदराआड हसत होत्या. त्या दिवसापासून शामकांतराव वैशाखाची वाट बघायला लागले. असा उतावळा त्या घरात दुसरा कुणी नव्हता, नीलूसुद्धा नाही.

लग्न तिसगावातच लागलं. अक्षता पडल्या, पंगत बसली. शामकांतरावांनी मुद्दाम राधाकृष्णपंतांच्या बरोब्बर समोरचा पाट धरला. जेवणात लक्ष नव्हतं, जिलबी एकच घेतली. पंगत आटोपली. पलीकडे नीलू नवऱ्याशेजारी उभी होती आणि काळजीने बापाकडेच बघत होती. शामकांतरावांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. छाती पुढे. नजर समोर, उंचावर. श्वास घेतला आणि—

"साहेब! थांबा!"

ताक वाढणाऱ्या बन्सीने कळशी तिथेच ठेवली. गोरक्ष द्रोण टाकून धावला. एकाने उजवा दंड धरला, एकाने डावा. शामकांतराव "अरे सोडा!" म्हणेपर्यंत पाय जमिनीपासून वीतभर वर! गाव कौतुकाने बघत होतं. कावडकऱ्याचा मान!

"वा, गंधे!" राधाकृष्णपंत गरजले. "हमाल तुम्हीच आणलेत की!"

नीलूची मान खाली गेली.

पाठवणीच्या वेळी ती गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "बाबा, गुडघ्यांना जपा हं." शामकांतराव काय बोलणार? "जपेन," म्हणाले.

पंधरा दिवसांनी नगरहून एक पार्सल आलं. पाठवणार राधाकृष्णपंत, घेणार शामकांत गंधे. आत गुडघ्यांना चोळायच्या तेलाची बाटली आणि चिठ्ठी, 'सूनबाई फार काळजी करते. रोज चोळत जा. व्यायाम वगैरे करू नका, वाटी सरकते.'

शामकांतरावांनी पोचपावतीवर स्वतःच सही केली, स्वतःच शिक्का मारला. बाटली घरी ठेवून यावी म्हणून खुर्चीतून जरा पुढे सरकले.

"बसा साहेब, बसा! मी हाय न्हवं!" टपाल टाकून बन्सी धावत आला.

त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं असं शामकांतरावांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि मुकाट्याने दंड पुढे केला.