पडद्याशेजारचे रतनभाऊ

रतनभाऊंनी सहा वर्षांत पडद्यावर एकाही माणसाला मरू दिलं नाही. तोफा उडोत, जहाज बुडो, म्हातारा अंथरुणावर डोळे मिटो, पडद्याच्या डाव्या अंगाला माइक धरून उभे असलेले रतनभाऊ सांगायचे, "काही नही, झोपेल शे तो." मग गिरणीतल्या बाया पदराने डोळे पुसायच्या आणि पुढचं बघायला लागायच्या.

आमची धुळ्याची फिल्म सोसायटी म्हणजे पाचसात हौशी माणसं. मी बँकेतला कारकून आणि सोसायटीचा चिटणीस. अध्यक्ष कॉलेजातले देवसर. परदेशातले, बंगालमधले चित्रपट मुंबईहून पत्र्याच्या डब्यांत यायचे, चाळीसगावला गाडी बदलून शनिवारी सकाळी धुळ्याला उतरायचे, आणि रविवारी सकाळी नऊला आम्ही ते वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवायचो. अडचण एकच होती. चित्राखाली धावायची ती इंग्रजी अक्षरं, आणि ती वाचू शकणारी माणसं हॉलमध्ये आम्हीच. पहिल्या खेळाला आलेला एक गिरणीकामगार अर्ध्यावर उठला आणि जाता जाता मला म्हणाला, "साहेब, चित्र चांगलं शे, पण ते आपलासंगे बोलत नही."

तेव्हा रतनभाऊ पुढे आले. आग्रा रोडवर त्यांच्या घरचं कापडदुकान होतं आणि आमचा पडदा म्हणजे त्यांनीच दिलेलं, दोन पट्टे जोडून शिवलेलं मांजरपाट. शनिवारी दुपारी मी त्यांना गोष्ट सांगायची आणि रविवारी त्यांनी ती अहिराणीत लोकांना सांगायची, असं ठरलं. दोन महिन्यांत हॉलमध्ये उभं राहायला जागा मिळेना. धुळ्याची अभिरुची उंचावली असं देवसर सगळीकडे सांगत सुटले. लोक येत होते ते रतनभाऊंना ऐकायला, हे त्यांना कोण सांगणार?

एकदा चित्रपट संपल्यावर देवसर त्यातल्या मृत्यूच्या प्रतीकावर वीस मिनिटं बोलले. मागून एक म्हातारा उठला. "सर, त्यामा कोणीच मरेल नही. रतनभाऊनी सांगं ना, झोपेल शे." सर म्हणाले, अहो, त्याला खड्ड्यात पुरताना दाखवलाय. म्हातारा जरा विचारात पडला. मग म्हणाला, "मंग जागा व्हई तव्हय निंघी." हॉलने मान डोलावली. सरांनी त्या दिवसापासून चर्चा बंद केली.

आता एवढ्या लोकांसमोर उभा राहणारा माणूस धीट असेल असं तुम्हाला वाटेल. रतनभाऊंइतका भित्रा माणूस मी खानदेशात पाहिला नाही. "काय व्हई सांगता येस नही," हे त्यांचं पालुपद. चालत्या पंख्याखाली ते बसत नसत. तार आली की ती फोडायला ते मला बँकेतून बोलावून घ्यायचे. प्रोजेक्टरजवळ ते ओलं गोणपाट आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवायला लावत. हल्लीची फिल्म पेटत नाही, असं आमच्या प्रोजेक्टरवाल्याने शंभरदा सांगितलं. रतनभाऊ म्हणायचे, "ते तुले माहीत शे भो. फिल्मले माहीत शे का?" दुकानात अनोळखी गिऱ्हाईक कापडाचा भाव न विचारता नाव विचारू लागलं, तर हे स्वतःच सांगत की शेठ बाहेर गेलेत.

आणि "तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं, की त्यांच्या हातातला गज चुकायचा. तेच कापड ते पुन्हा मोजायला घ्यायचे.

त्यांचा जन्म धुळ्याचा, त्यांच्या वडिलांचाही धुळ्याचाच. आजोबा तेवढे मारवाडातून आलेले. तिशीत एकदा रतनभाऊ आजोबांचं गाव बघायला गेले होते. तिथल्या लोकांनी प्रेमाने पाहुण्यांच्या ताटात जेवू घातलं आणि तिसऱ्या दिवशी तितक्याच प्रेमाने विचारलं, दक्षिणेत परत कधी जाणार? इकडे धुळ्यात कुणाचा सदरा आटला, तर तो भांडताना पहिलं वाक्य म्हणणार, "मारवाडी, तू आठला नही, तुन्हा देशले जाय." आठला म्हणजे इथला. हे सगळं रतनभाऊ मला एका शनिवारी हसत हसत सांगत होते. "मी दोन्ही गावना पाव्हना," म्हणाले. मीही हसलो. बायको लग्नानंतर चार वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही, धाकट्या भावाच्या घरात माडीवरच्या खोलीत एकटेच राहायचे. सहा वर्षांत मी त्यांच्या तारा वाचल्या, पण एकदाही त्यांना घरी जेवायला बोलावलं नाही. माझं लक्षच गेलं नाही त्याच्याकडे.

मग आणीबाणी लागली. चार माणसं जमवायची तरी परवानगी लागू लागली. आमच्याकडे पोलीस ठाण्यातून निरोप आला: चित्रपट दाखवा, पण माइकवर जो बोलतो त्याने काय बोलणार ते आधी लिहून मंजूर करून घ्यायचं, आणि सोबत त्याच्या माहितीचा अर्ज भरायचा. आम्ही सगळेच हादरलो. देवसर तर आजारी पडले आणि बरे व्हायची त्यांनी घाई केली नाही. मला बँकेतल्या नोकरीची काळजी. पण सगळ्यांत वाईट अवस्था रतनभाऊंची झाली. अर्जात नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि 'मूळ गाव' या रकान्याशी त्यांचा हात थांबला.

"हाई कसाले पुसतस?"

मी म्हटलं, सगळ्यांनाच विचारतात. धुळे लिहा.

"लिखसू. आनि ते म्हनतीन, खोटं लिखेल शे. मंग?"

रकाना तसाच कोरा राहिला. त्यात नेमका त्या शनिवारी आलेला चित्रपट असा: एक माणूस खूप वर्षांनी आपल्या गावी परततो, गावात त्याला कुणी ओळखत नाही, आणि शेवटी सगळं गाव जमून त्याला हाकलून देतं. मी गोष्ट सांगितली. रतनभाऊ बराच वेळ बोटांनी मांजरपाटाची शिवण चाचपत बसले. मग म्हणाले, "असं मी नही सांगाव." आणि त्यांनी शेवट आपल्या पद्धतीने लिहिला. गाव त्याला ठेवून घेतं. मी तो कागद कोऱ्या रकान्याच्या अर्जासकट मंजुरीला दिला. मंजूर करणाऱ्याने चित्रपट थोडाच पाहिला होता? शिक्का बसला.

रविवारी सकाळी पहिल्या खुर्चीवर एक हवालदार येऊन बसला. मिशा पिकलेला, जाडजूड. मांडीवर मंजूर कागदाची दुसरी प्रत, त्यावर बोट, शेजारी काठी. हॉल गच्च भरलेला होता, पण नेहमीची कुजबुज नव्हती. कुणी शेंगासुद्धा फोडत नव्हतं. रतनभाऊ कागदावरचं ओळीने ओळ वाचत होते, आणि हवालदाराचं बोट त्यांच्यासोबत खाली खाली सरकत होतं.

शेवट आला. पडद्यावर गाव जमलं. बायका, म्हातारे, पोरं, सगळे हात उगारून ओरडत होते. काय चाललंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. रतनभाऊ पडद्याकडे बघत राहिले. कागदाकडे त्यांची नजर जाईना. मग ते अगदी हळू बोलले, पण माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं.

"ते म्हणतस, तू आठला नही. जाय."

हवालदाराचं बोट थांबलं. त्याने मान वर केली. "कागदवर असं लिखेल नही."

नोकरी गेली, असंच वाटलं मला. रतनभाऊंचं काय होईल हे त्यानंतर सुचलं, हेही कबूल करतो. रतनभाऊंनी माइकसकट हात जोडले. "चुकनू साहेब."

"जे मंजूर शे तेच वाचा," हवालदार म्हणाला.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. सहा वर्षं दुसऱ्यांसाठी असं दिलाशाचं बोलणारा माणूस, आणि आज त्याला ते वाचता येत नव्हतं. उठून त्यांच्या बाजूला उभं राहावं असं मला फार वाटलं. मी उठलो नाही.

हवालदार उठला. काठी खुर्चीला टेकवून तो पडद्याशी गेला, रतनभाऊंच्या हातातला माइक घेतला आणि आपल्या हातातला कागद उजेडात धरून, अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागला. आवाज भरडा, गावाकडचा.

"ते म्हणतस, भो, इतला दिन कोठे व्हता तू? आम्ही तुन्ही वाट दखी ऱ्हायनूत."

पडद्यावरचा माणूस पाठ फिरवून रस्त्याने चालायला लागला होता. हॉलमध्ये कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

"तू आठलाच शे. ये, बस. भाकर खाई ले."

रतनभाऊ हवालदाराच्या तोंडाकडे बघत होते. पडद्यावरचा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

"आते कोठे जाऊ नको," हवालदाराने शेवटची ओळ वाचली.

"हा भो," रतनभाऊ म्हणाले. "नही जात."