निळवंताच्या मागे

फुलपाखरं ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो! म्हणून भाद्रपदात पिंपरी पेंढारला सासरवाडीला गेलो, तेव्हा सकाळीच कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो.

सासरे, कुंडलिकमामा, ओट्यावरून ओरडले, "जावईबापू, उसाकडं जाऊ नका! बिबट्या फिरतोय. धा दिस झालं, गावात कुणाला झोप न्हाई!"

"मामा, फुलपाखरं उसात नसतात," मी ज्ञान पाजळलं.

आणि नेमका निळवंत उसाकडेच गेला! पंजाएवढं फुलपाखरू, काळं-निळं, राजबिंडं. मी त्याच्या मागे. बांधालगत पाचटानं झाकलेली एक खोपी होती. आत, जाळीपलीकडे, शेळी बांधलेली. शेळीच्या मुतानं ओल्या झालेल्या मातीवर महाराज उतरले. मी रांगत आत शिरलो, श्वास रोखला, गुडघा पुढे टाकला...

धाडकन्! मागे लोखंडी दार पडलं.

ती खोपी नव्हतीच. बिबट्यासाठी लावलेला वनखात्याचा पिंजरा होता! निळवंत गजांतून आरामात निघून गेला. मी आणि शेळी एकमेकांकडे बघत बसलो. तेवढ्यात उसात सळसळ झाली. देवाशपथ सांगतो, ते दार मी आतून दोन्ही हातांनी दाबून धरलं!

उसातून निघाली ठकूबाई, शेळीची मालकीण. हातात विळा. "माजी चंद्री! खाल्लीस का रं मुडद्या?"

"बाई, मी माणूस आहे हो!"

तोवर दाराचा आवाज ऐकून सगळं गाव धावलं होतं. बिबट्या घावल्याची बातमी व्हॉट्सॲपवरून ओतूरला पोचलीसुद्धा! तिथून एक पिकअप भरून आली.

"कुठंय बिबट्या?"

"बिबट्या न्हाई राव, कुंडलिकआप्पांचा जावई हाय!"

"अरारा! धा दिस शेळी बांधली, अन् घावला कोण!"

एवढ्या लांबून आलोच आहोत म्हणून ओतूरच्या मंडळींनी माझ्यासोबतच सेल्फी काढले. माझी बायको साधना ओढणी तोंडात कोंबून उभी होती. ती रडत नव्हती, एवढं नक्की.

तासाभरानं वनखात्याचा माणूस आला, दार उचललं, आणि सुटलो बुवा एकदाचा! ठकूबाई चंद्रीच्या गळ्यात पडून रडत होती, "वाचली गं माजी बाय!" मीही वाचलो होतो. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पिंजरा पुन्हा लागला. आम्ही पुण्याला परतलो. चौथ्या दिवशी सकाळी सहालाच मामांचा फोन.

"जावईबापू, कुठं हाय तुमी?"

"घरी. का हो?"

"पुण्यातच ना? नक्की?"

"नक्की मामा! चहा पितोय."

पलीकडे मामांनी हुश्श केलं. मग फोन तसाच धरून ते गावाला ओरडले, "चला रं, उठा समदी! पिंजऱ्याचं दार पडलंय, अन् ह्या बारीला खराच बिबट्या हाय!"