स्वयंभू झिरा

महागाव तालुक्यातल्या एका तांड्याजवळच्या नाल्यात भर उन्हाळ्यातही पाणी असते, ही बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली. पाणी होते झिऱ्यात. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत खोदलेला खड्डा. होळी झाली की तांड्यातली माणसं वाळू उपसत, कडेला दगड रचत, मग खालून पाणी पाझरत येई. त्यावर तांडा पावसाळ्यापर्यंत निभावून नेई.

"हा कोणी खोदला?" निसर्ग माणसाला काय काय सेवा पुरवतो, ते मोजायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

तांड्याचा नायक उत्तमसिंग चपापला. नाला पडला जंगलखात्याचा. खोदला म्हणावं तर उद्या केस व्हायची.

"कोणीच नाही साहेब. स्वयंभू हाय. माणसाचा हातच नाई लागला त्याले."

साहेब अक्षरशः गहिवरले. अहवालात या पाण्यामागे निसर्गाचा वाटा शंभर टक्के लागला, माणसाचा निरंक. इतक्या गुणी निसर्गाला माणसाचा उपद्रव नको, म्हणून झिऱ्याभोवती कुंपण आलं. पाणी भरण्यास मुभा, वाळूला हात लावण्यास सक्त मनाई.

"आता तरी खरं सांगा जाऊन," उत्तमसिंगची बायको रामीबाई म्हणाली.

"खरं सांगतलं तं खोटं बोललो म्हून दुसरी केस."

"मंग प्या तुमचं स्वयंभू."

पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि झिरा वाळूनं बुजला. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नाही. निसर्गाने सेवेत कसूर केल्याबद्दल चौकशी समिती बसली. माणसाचा वाटा मुळात निरंक, त्यामुळे माणूस कमी पडल्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तांड्याच्या सान्निध्यामुळे निसर्ग संकोचला आहे, सबब तांडा हलवावा, असा निष्कर्ष निघाला.

आता मात्र उत्तमसिंगचा धीर सुटला. तो धावतच कचेरीत गेला.

"साहेब, आमीच खोदत होतो. नाल्याचं पाणी अन् आमचे हात, दोनी लागते. येक डाव उपसू द्या."

साहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पाणी होतं तेव्हा बोलला नाहीत. आता आटल्यावर श्रेय मागता? थोडी तरी लाज बाळगा."

तांडा उठला. हल्ली रविवारी तुमच्याआमच्यासारखी निसर्गप्रेमी मंडळी तिथे गाड्या घेऊन जातात. कोरड्या वाळूपुढे फोटो काढतात, बाटलीतलं गार पाणी पितात आणि समाधानानं म्हणतात, "माणसं नसली की जागा किती छान राहते, नाही?"