चौदावं प्रकरण

सासऱ्यांचं आत्मचरित्र छापखान्यात पोचवायचं, एवढंच काम होतं. पेन ड्राइव्ह लावा, फोल्डर कॉपी करा, निघा. पण जावईबापूंना वाटलं, कॉपी कशाला? कटच करू, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर पसारा नको. (परोपकाराची ही खोड त्यांना लहानपणापासून होती आणि आजवर तिचा फायदा कुणालाच झाला नव्हता.)

सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर, वय ऐंशी. दोन वर्षं एका बोटाने टाइप करून त्यांनी एकोणीस प्रकरणं लिहिली होती. जावईबापू स्वतः पन्नाशीचे, ऑफिसात हेडक्लार्क. पण हेडमास्तरांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, तरी त्यांचा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण चाचपायचा.

"दिवा लुकलुकायचा थांबल्याशिवाय काढू नका हं," बायकोने सकाळीच बजावलं होतं. पेन ड्राइव्हचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. पण पडद्यावरची, काम चालू असल्याचं दाखवणारी चौकट तर गेली होती! खुद्द कॉम्प्युटर झालं म्हणतोय, मग दिव्याला कोण विचारतो? जावईबापूंनी ड्राइव्ह उपटला आणि निघाले.

छापखान्याच्या बाईंनी तो लावून पाहिला.

"एकोणीस फायली आहेत. सगळ्या रिकाम्या."

जावईबापू पडद्यावर वाकले. "अहो, कॉम्प्युटरने झालं म्हणून सांगितलं!"

"सांगणारच. तो हॉटेलातल्या वेटरसारखा. ऑर्डर डोक्यात घेतो, 'आलंच' म्हणतो आणि सवडीने आत जाऊन सांगतो. मेमरीतलं सगळं ड्राइव्हवर उतरेपर्यंत दिवा लुकलुकतो. तुम्ही त्याआधीच उठून आलात. जाऊ द्या, मूळ फायली आहेत ना घरी?"

"कट केल्या," जावईबापू पुटपुटले.

बाई खुर्चीत सावरून बसल्या. "हे बघा, पुसलेलं डिस्कवरून लगेच जात नाही. ती जागा मोकळी आहे, एवढीच नोंद होते. परत काढता येईल. पण तिथे नवीन काही लिहिलं गेलं, की संपलं. त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावता कामा नये!"

जावईबापूंनी फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. हेडमास्तर लिहिताना फोन घेत नसत. (लिहिताना!) जावईबापूंना दरदरून घाम फुटला. भर दुपारी, चपलेचा अंगठा तुटलेला, असे ते धावत सुटले. दोन वर्षं. एक बोट. पुन्हा एवढं लिहायला त्या माणसाकडे वेळ तरी उरलाय का? या विचाराने त्यांना खरोखरच रडू यायला लागलं.

दारातच ऐकू आलं. टक्. टक्.

"बाबा, थांबा! काय करताय?"

"परिशिष्ट लिहितोय. का हो?"

"सेव्ह नाही ना केलंत?"

"दर ओळीला करतो. तुम्हीच चिकटवलीत ना चिठ्ठी?"

पडद्याच्या कडेला जावईबापूंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करणे.' खाली दोन रेघाही मारलेल्या होत्या.

मग सगळं सांगावंच लागलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. तो तीन तास खटपट करत होता, हेडमास्तर हात मागे बांधून त्याच्या पाठीशी उभे होते आणि जावईबापू शर्टाचं बटण चाचपत होते. ते शेवटी तुटून हातात आलं.

"अठरा मिळाली," दुरुस्तीवाला म्हणाला. "एकाच्या जागेवर नवीन लिहिलं गेलंय. चौदावं गेलं."

जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "एकच ना, बाबा! कशावर होतं ते?"

"तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"चार पानं होती. जावई सबुरीचा आहे, हातात घेतलेलं काम नीट पार पाडतो, असं सगळं."

जावईबापू पुढे सरसावले. सासऱ्यांकडून कौतुक, तेही तीस वर्षांत पहिल्यांदाच! "पुन्हा लिहाल ना?"

"लिहितो की. मात्र आत्मचरित्रात खरं तेच लिहायचं, असा माझा नियम आहे."

हेडमास्तर खुर्चीत बसले. एका बोटाने त्यांनी जेमतेम एक ओळ टाइप केली, सेव्ह केली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले,

"झालं चौदावं."