भिंतीतलं कपाट

नवीन घरात राहायला येऊन आठ दिवस झाले होते आणि भिंतीतलं कपाट अजून उघडत नव्हतं.

तसं त्या घरात मुकाट्यानं चालणारं फारसं काही नव्हतंच. नळ सोडला की आधी खोकायचा, मग थुंकायचा, आणि घसा मोकळा झाला की पाणी द्यायचा. मागची खिडकी लावायची तर पुढचं दार उघडं ठेवावं लागे. का, ते कुणालाच उमगलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या फरश्या डुगडुगायच्या. घर नवीन म्हणजे या नवरा-बायकोला नवीन. त्याचं स्वतःचं वय सांगणारा माणूस हयात नव्हता.

बरं, घेतलं होतं दोघांनी नीट बघून. दोघांचाही धंदाच बघण्याचा. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. म्हणजे वरचं त्यानं बघावं, आतलं तिनं. पण भाड्याच्या एका खोलीत त्यांची दहा महिन्यांची ठकी रांगत क्षणात थेट गॅसपाशी पोचायला लागली होती. त्यामुळे घर बघायला गेल्यावर दोघांना एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे पोरीला रांगायला जागा. बाकीचं कुणालाच दिसलं नाही.

"सुताराला बोलाव," कामावर निघताना बायको म्हणाली. "ठकीचे कपडे अजून खोक्यात आहेत."

"सुतार कशाला? एक दार तर उघडायचंय. रविवारपर्यंत सुट्टीच आहे मला."

"सुट्टी आहे म्हणूनच सुतार म्हटलं," ती म्हणाली आणि गेली.

कपाटाच्या दारांवर रंगाचे इतके थर चढले होते की फट कुठे आणि लाकूड कुठे ते कळत नव्हतं. त्यानं पटाशीनं तासभर खरवडलं. ठकी रिकाम्या खोक्यात बसून टाळ्या पिटत होती, त्यामुळे त्यालाही चेव आला. शेवटी एक जोराचा हिसका दिला आणि दार उघडण्याऐवजी बिजागऱ्यांसकट हातात आलं. आत दगडी फरशीचे तीन कप्पे होते आणि मागे ओलीनं फुगलेली एक फळी. त्यानं फळीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला.

"कुजलीय," त्यानं ठकीला सांगितलं. "कुजलेलं ठेवू नये."

हातोडीचे दोन घाव फळीनं सोसले. तिसऱ्याला ती मागच्या मागे गेली, आणि पाठोपाठ काचेची भांडी फुटल्याचा आवाज आला. तो आवाज एका कपानं थांबला असता तर चाललं असतं. पण तो चालूच राहिला.

धूळ बसली तेव्हा समोर भिंत नव्हती. एक उजळलेली खोली होती. खोलीत टेबल, टेबलावर वर्तमानपत्र, आणि त्यामागे एक पांढऱ्या केसांच्या बाई चहाचा कप ओठाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी कप हळूच बशीत ठेवला. बशी असलेला तो त्या घरातला आता शेवटचा कप होता.

"तुम्हीच ना ते शेजारी नवीन आलेले?"

"हो," तो हातोडी पाठीमागे लपवत म्हणाला.

"माझं दार रस्त्याच्या बाजूला आहे."

बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना मोठ्या बाई म्हणायची. एरवी बेफिकीर असलेली माणसंही त्यांच्या दारावरून जाताना शर्टाची बटणं चाचपायची. त्यानं भगदाडातूनच माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "माफी नंतर. आधी फुटकं उचला. आणि इथून नाही, रस्त्यानं या."

संध्याकाळी बायको आली. कपाटापाशी वाकली, डोळे बारीक करून बराच वेळ आत बघत राहिली.

"फ्रॅक्चर आहे," ती म्हणाली.

गवंड्याला निरोप गेला. गवंडी "उद्या येतो" म्हणाला. तो उद्या चार दिवस लांबला. तोवर भगदाडावर चादर लावली आणि खालच्या कप्प्यासमोर खोकी रचली. पण चादर नजर अडवते, कान नाही. तो ठकीला झोपवायला गाणं म्हणू लागला की पलीकडून "सूर फार वरचा लागलाय" असं ऐकू यायचं. त्याची रजा रविवारी संपत होती. सोमवारपासून दोघंही कामावर गेल्यावर ठकीला कुठे ठेवायचं, यावर नवरा-बायकोचं भांडण जुंपलं, तेही शेजार लक्षात घेऊन अगदी कुजबुजत. तेव्हा चादरीआडून आवाज आला, "मोठ्यांदा भांडा. ऐकायला फार त्रास होतो."

पाचव्या दिवशी, शनिवारी, गवंडी खरोखरच येणार होता, म्हणून कप्प्यासमोरची खोकी सकाळीच बाजूला सारली होती. ठकीचा बाप बादली भरत होता आणि नळ अजून खोकत होता. बादली घेऊन वळला तर ठकी नाही.

खोक्यात नाही. पलंगाखाली नाही. धुण्याच्या ढिगात नाही. मागची खिडकी त्यानं स्वतःच लावली होती, म्हणजे पुढचं दार सताड उघडं होतं, आणि दारापुढे रस्ता. तो अनवाणी धावत सुटला. गल्लीच्या या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. एक सायकल समोरून आली तर तिच्याच चाकांखाली वाकून बघू लागला. सायकलवाल्यानं काय हरवलं विचारेपर्यंत तो पुढे पळालाही होता.

मग एकदम चादर आठवली. तो तसाच बाईंच्या दारात शिरला. आत कुणी नव्हतं. टेबलावर वर्तमानपत्र होतं, आणि त्यावर ठकीचा एक मोजा. तेवढ्यात भिंतीपलीकडून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरातून, ठकीचं खिदळणं ऐकू आलं.

शहाणा माणूस रस्त्यानं परत गेला असता. पण पोरीचा आवाज ऐकल्यावर त्याला रस्ता कुठला सुचतोय! त्यानं खालच्या कप्प्यात मुसंडी मारली. डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग पुढेही जाईना, मागेही येईना.

चादरीखालून त्याचं डोकं आपल्याच खोलीत निघालं. समोर पलंगावर मोठ्या बाई बसल्या होत्या, मांडीवर ठकी.

"अरे," बाई म्हणाल्या. पाच दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं होतं. "पोर रांगत माझ्याकडे आली. मी रीतसर रस्त्यानं पोचवायला आले, तर घर उघडं आणि बाप बेपत्ता. याला काय म्हणायचं?"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ठकी मांडीवरून उतरली, रांगत जवळ आली आणि तिनं बापाच्या नाकात बोट घातलं.

एवढ्यात त्याच्या मागच्या बाजूनं, बाईंच्या घरातून, खाकरल्याचा आवाज आला. "कुणी आहे का? बुजवायचं भगदाड ते हेच ना?"

"हेच, हेच!" तो ओरडला.

गवंड्यानं त्याचे पाय निरखले. "माणूस काढून बुजवू का असाच?"

बायको आली तेव्हा दोन्ही घरं कामाला लागली होती. गवंडी पलीकडून अडकलेले पाय ओढत होता, बाई सूचना देत होत्या. तिनं आधी ठकीला उचलून घट्ट धरलं, मग गुडघ्यांवर बसून नवऱ्याच्या बरगड्या दाबून बघितल्या. "हाडं शाबूत आहेत. अडकलंय ते पोट."

शेवटी गवंड्यानं वरून एकेक फरशी काढली. तिसरी निघाली तसा तो मोकळा झाला आणि धुळीत फतकल मारून बसला. गवंडी मात्र मान वर करून बघतच राहिला होता.

"हे कपाट नव्हेच," तो म्हणाला. "वर तुळई बघा. खाली उंबरा बघा. दार होतं इथं. मागं कधीतरी कुणीतरी मधे फळी मारून दोन्हीकडं कपाटं केली. दोन्ही मिळून एकच घर होतं हे. तर मग, बुजवू ना?"

"बुजवा," असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायको बाईंकडे बघत होती आणि बाई ठकीकडे. ठकी उंबऱ्यावरून पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. घर विकत घेताना तिच्या आईबापांनीही एवढी पाहणी केली नव्हती.

"सोमवारी हिला दहाला आणून सोडा," बाई म्हणाल्या.

"कुठे?" त्यानं विचारलं.

"बुजवू नका, दार बसवा," बायको गवंड्याला म्हणाली.

रविवारी अखेर सुतार आला. दिवसभर खपून त्यानं छान दार बसवलं. ठकीचा बाप दुकानातून थोडं सामान घेऊन संध्याकाळी परतला, दार उघडून-लावून बघितलं, आणि चक्रावला.

"आमच्या बाजूला कडी कुठाय?"

"एकच सांगितली होती," सुतार हत्यारं गोळा करत म्हणाला. "पलीकडच्या बाजूला. बाई म्हणाल्या, तुमच्या बाजूच्या माणसाला बंद गोष्ट बघवत नाही."

त्यानं मदतीसाठी बायकोकडे बघितलं. ती नव्या खुंटीवर ठकीचं झबलं अडकवण्यात फारच गुंतली होती.

सोमवारी सकाळी ठकीचा दुसरा मोजा सापडेना. तो ओलेत्या केसांनी, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली घेऊन दारापाशी पोचला. दार वाजवण्याआधीच पलीकडून कडी निघाली. बाई इस्त्रीच्या साडीत उभ्या होत्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"दहा वाजून चार मिनिटं. उशीर का झाला?"

तीन पावलांवर राहणाऱ्या माणसाला काही केल्या कारण सुचेना.