बाकाची कड गोल करण्याबाबत

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या. भिंत काही पळून जात नाही. एका बाकाची गोष्ट सांगतो. बाक लहान, गोष्टही लहान, पण तिच्यात एक नडगी आहे, आणि नडगीवर लागतं तेव्हा कसं लागतं ते मी सांगायला नको. देवाने माणूस घडवला तेव्हा त्याच्या अंगावर एकही काटकोन ठेवला नाही. काटकोन आपण आणले आणि मग त्यांना धडकत सुटलो.

आमच्या शेजारी एक निवृत्त हिशेबतपासनीस राहतात. गल्ली त्यांना मागे 'काटेकोर' म्हणते, तोंडावर 'साहेब'. निवृत्तीनंतर त्यांना सुतारकामाचा छंद लागला आणि पहिली वस्तू त्यांनी केली ती आपल्या आत्यासाठी. या आत्यांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. पलंग आणि दार यांच्या मधोमध ठेवायचा बुटका बाक, बसून चपला घालता याव्यात म्हणून. प्रेमाने केलेला, यात शंका नाही. पण कडा अशा तंतोतंत की त्यांवर काकडी चिरून घ्यावी.

आत्या रोज सकाळी देवाचं काहीतरी गुणगुणत उठायच्या आणि तशाच गुणगुणत बाहेर जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायच्या. बाक आल्यापासून गाणं दारापर्यंत पोचेना. मध्येच "आई गं!" व्हायचं. डॉक्टरांनी नडगी पाहिली आणि म्हणाले, "या वयात कातडी पातळ होते. असंच लागत राहिलं तर त्या चालायलाच घाबरतील. आणि चालणं थांबलं की अंथरूण धरलंच म्हणून समजा."

"कड जरा गोल करून टाका," साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. "पॉलिशपेपर पडलाय घरात."

"हाताने?" साहेब दचकले. "अगं, हाताने घासली तर एका टोकाला एक गोलाई, दुसऱ्या टोकाला दुसरी. ज्या आत्याने मला वाढवलं तिच्या पायाला मी असमान त्रिज्या देऊ?"

"सध्या धार देताय, ती एकसारखी आहे खरी."

"त्याला राउटर लागतो."

आत्या पलंगावरून म्हणाल्या, "तो इंटरनेटचा डबा ना रे बाळा? आहे की टीव्हीच्या मागे."

साहेबांनी त्यांना समजावलं की हा राउटर वेगळा. हातात धरायचं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घोंघावणारं यंत्र. त्याच्या तोंडात बिट नावाचं पातं बसवायचं, आणि ते कडेवरून फिरवलं की कड गोल. आत्यांनी मान डोलावली. वहिनींनी तोवर बाकाच्या कोपऱ्याला जुना टॉवेल गुंडाळला. ही या प्रकरणातली एकमेव प्रत्यक्ष कार्यवाही होय.

साहेबांनी छंदी सुतार मंडळाचं सभासदत्व घेतलं. मंडळ दर रविवारी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसायच्या खोलीत भरतं. हे दातवाले डॉक्टरच अध्यक्ष. मंडळाचा नियम एकच: हत्याराची निवड पूर्ण झाल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. नियम इतका कसोशीने पाळला जातो की बहुतेक सभासदांच्या करवतींना कारखान्यातलं तेल अजून तसंच आहे. मागे एका सभासदाच्या हातून चुकून एक फळी तयार झाली होती. त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली.

"तुम्हाला राउटर कशासाठी हवाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाकाची कड गोल करायला."

कुणीतरी कीव केल्यासारखं खाकरलं.

"साहेब," अध्यक्ष म्हणाले, "एका कडेसाठी कुणी राउटर घेतं का? उद्या तुम्हाला दार करावंसं वाटलं तर? जिना करावासा वाटला तर? राउटर आजच्या कडेसाठी नसतो. आयुष्यात येऊ शकणाऱ्या सर्व कडांसाठी असतो."

साहेबांना एकदम आपलं आयुष्य फार अरुंद वाटू लागलं.

दोन उपसमित्या नेमल्या गेल्या, एक यंत्राची आणि एक बिटांची. एकीच्या मताचा दुसरीवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आपसात बोलू नये असं ठरलं. इतका निःपक्षपातीपणा माणसाने क्वचितच पाहिला असेल. दोन्हींचे सभासद रविवारी एकाच बाकड्यावर बसत आणि हवापाण्यावर बोलत.

यंत्र उपसमितीच्या ध्यानात आलं की हलकं यंत्र थरथरतं आणि जड यंत्राने हात भरून येतात. म्हणून जड घ्यावं आणि ते हातात धरूच नये, टेबलाच्या पोटात उलटं टांगावं. टेबल घरी करता आलं असतं, पण त्याच्या कडा गोल करायला राउटर लागला असता. म्हणून टेबल विकतच. राउटर भुसा उडवतो, म्हणून भुसा ओढणारं यंत्र. बिट उपसमितीने एक बिट घेणं मंडळाला शोभणार नाही असं मत दिलं आणि पेटीभर बिटं मंजूर केली. त्यांतली बरीच कशाला लागतात हे पेटीवरही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ती महत्त्वाचीच असणार.

मध्यंतरी अध्यक्ष जागेच्या पाहणीसाठी आले. त्यांनी दात बघायचा आरसा कोपऱ्याखाली घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कीड नाही." मग त्यांची नजर टॉवेलवर गेली.

"हे कुणी केलं? मूळ स्थितीत ढवळाढवळ झाली आहे."

टॉवेल निघाला. वहिनी म्हणाल्या, "मग मी बाकच उचलून गच्चीत ठेवते."

"वहिनी, भलतंच काय!" अध्यक्ष कळवळले. "लाकूड या खोलीतल्या हवेला सरावलंय. गच्चीत जरा फुगलं, तर निवडलेली त्रिज्या वाया जाईल."

बाक जागेवर राहिला. नडगीही.

सामान आलं. एवढं टेबल दुसऱ्या कुठल्या खोलीत मावेना, आणि काम तर आत्यांच्या खोलीतच होतं, म्हणून ते तिथेच, बाकाच्या शेजारी मांडलं. टेबलालाही चार कोपरे होते. ते आत्यांच्या बरोबर कमरेला लागत.

"बाळा," आत्या म्हणाल्या, "आधी मी नुसती खालून धडकत होते. आता वरूनही धडकते. काम पुढे सरकतंय हो तुझं."

"थोडा धीर धर, आत्या. एकदा सगळं बसलं की बघ."

उद्घाटनाच्या रविवारी सगळं मंडळ खोलीत दाटीवाटीने उभं राहिलं. आत्यांना पलंगावर पाय वर घेऊन बसवलं. अध्यक्षांनी पेटी उघडली, कड गोल करणारं बिट दोन बोटांत धरून सर्वांना दाखवलं आणि यंत्राच्या तोंडात सोडलं. विहिरीत काडी टाकावी तसं ते आत गेलं आणि दिसेनासं झालं.

बिटाची दांडी होती पाव इंच जाडीची. यंत्राचं तोंड होतं अर्ध्या इंचाचं.

दोन्ही अहवाल काढून वाचले गेले. दोन्ही निर्दोष निघाले. पाव इंचाचे फायदे एका अहवालात मुद्देसूद दिले होते, अर्ध्याचे दुसऱ्यात. साहेबांनी घाबरत घाबरत दुकानदाराला फोन लावला.

"अहो, एवढंच ना?" दुकानदार हसला. "मधे एक बारीकशी नळी बसते. या ना, देतो अशीच. खिशात टाकून न्या."

"अशीच?" अध्यक्षांचा चेहरा पडला. "न निवडता?"

नळीसाठी तिसरी उपसमिती नेमण्यात आली.

वार्षिक सभेत साहेबांनी अहवाल मांडला. आत्या धडकण्याच्या घटना पूर्वी रोज होत. टेबल आल्यावर त्या दुप्पट झाल्या. नंतर मात्र कमी होत गेल्या आणि गेल्या काही आठवड्यांत एकही नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. यंत्र सुरूही न करता अपघात शून्यावर आणल्याबद्दल साहेबांना मंडळाचं सन्मानचिन्ह देण्यात आलं. ते काचेचं, चौकोनी, घसघशीत होतं.

साहेब ते घेऊन घरी आले आणि कौतुकाने आत्यांच्या बाकावर ठेवलं.

"आत्या, आता लागत नाही ना?"

"नाही रे बाळा," आत्या म्हणाल्या. "उठलं तर लागेल."

जेवणाचं ताट त्यांच्या मांडीवर होतं. वहिनी कधीपासून ते आतच आणून देत होत्या. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ते बाकासमोर खाली बसले आणि त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. वहिनींनी फडताळातून पॉलिशपेपर काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

साहेबांनी तो धरला. कडेपाशी नेलासुद्धा. आत्या ताट बाजूला सारून पुढे वाकल्या. मग साहेबांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले.

"अगं, याला नंबर असतात!" ते म्हणाले. "बारीक, मध्यम, भरड..." आणि उठून ते अध्यक्षांना फोन लावायला गेले. जाताना टेबलाचा कोपरा त्यांनी शिताफीने चुकवला.

झाली गोष्ट. आता देवाला स्मरून सांगा, इतका वेळ तुमच्या मनात काय चाललं होतं? दांडी पाव इंचाची बरी की अर्ध्या इंचाची, हेच ना? नळी कुठे मिळते, पॉलिशपेपर कितव्या नंबरचा घ्यावा? मला कळतं हो. माझ्याही मनात तेच होतं. त्या घरातलं सकाळचं गुणगुणणं नेमकं कधी बंद झालं, हे मात्र मी सांगायचं विसरलो, आणि तुमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

म्हणून मागणं एवढंच. पुढच्या वेळी दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून कुठली सरस ते बघत बसाल, तेव्हा पाय वर घेऊन पलंगावर बसलेल्या या आत्यांना आठवा. आणि जमलं तर उठून एकदा तुमच्या आतल्या खोलीत डोकावून या.