देवाजीभाऊंच्या पोरी

आमचे शेजारी देवाजीभाऊ हंगामात दाढी करत नाहीत, मासळी खात नाहीत आणि ऐनाच्या झाडाखाली कुणाला मोठ्यानं बोलू देत नाहीत. "हळू बोला सर, पोरी जेवून राह्यल्या!" पोरी म्हणजे कोशाच्या हिरव्यागार अळ्या. त्या पाला खातात, कोसा विणतात आणि त्या रेशमावर भाऊंचं घर चालतं.

मी कुरखेड्यात विज्ञान शिकवतो, म्हणजे पुस्तक उघडं असेपर्यंत शिकवतो. बदली होऊन आलो त्या वर्षी माझ्या भिंतीवर तळहाताएवढा पिवळसर पतंग येऊन बसला. चारही पंखांवर गोल, काचेरी, आरपार दिसणारे ठिपके. नवीन जात सापडली म्हणून मी मुख्याध्यापकांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना फोन केले. त्या जातीला माझं आडनाव कसं शोभेल, याचाही विचार करून झाला. तेवढ्यात भाऊ डोकावले.

"हे तं आपल्या कोशाची मादी आहे. नर विटकरी रायते. जिवतीपासून सिरोंच्यापर्यंत, जिथी ऐन तिथी हे. तुमाले काऊन नाई माहीत?"

त्यानंतर मी शहाणा झालो, असा माझा समज होता. यंदा शाळेत भाऊंचं व्याख्यान ठरवलं, पाहुणे बोलावले, फळ्यावर माझं नाव त्यांच्यापेक्षा मोठं लिहिलं. दहा वाजले तरी भाऊंचा पत्ता नाही. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो.

भाऊ ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसले होते. सुपात अंडी घालून थकलेली, पंख फाटलेली एक मादी. इतर लोक अशीला कोंबड्यांपुढे टाकतात. भाऊ मुंग्या हाकलत होते.

"साखरपाण्याचा बोळा ठेवा तिच्यापुढे आणि चला," मी म्हणालो. हे विज्ञानाचा शिक्षक म्हणाला.

"तिले खायाले तोंडच नाई, सर. कोशातून निघाली का मरतपर्यंत उपाशीच."

मग सुपाकडेच बघत ते म्हणाले, "माह्या बायकोलेबी शेवटी घोट उतरे नाई. मी म्हणलो, आता बसून काय करू? ऐनाखाली कावळे हाकलाले गेलो. पोरी वाचल्या. थे घरी एकटीच गेली."

मला माझी लाज वाटली. शाळेत फोन लावून पाहुण्यांना चहा द्यायला सांगितलं.

"अजून किती वेळ, सर?" तिकडून विचारणा झाली.

मादी अजून पंख हलवत होती. मी फोन ठेवला, चपला काढल्या आणि माझ्या बाजूनं येणाऱ्या मुंग्या हाकलू लागलो.